चौथीच्या फळ्यावरचा कवडसा

आधी कबूल करा, कोणी हसायचं नाही. हसणार असाल तर हा चहा प्या आणि आपापल्या घरी जा. या गोष्टीला वीस वर्षं होत आली, तरी आठवली की माझं डोकं तापतं. आता काय सांगू तुम्हाला, चूक माझीच होती. पण चूक आपली असली म्हणून राग येऊ नये असं कुठे लिहिलंय? उलट जास्त येतो!

आणि एवढा तमाशा कशावरून? तर एका आरशावरून.

मी तेव्हा मुरबाड-वैशाखरे रस्त्यावरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. दोन शिक्षकी शाळा. पहिली-दुसरी मुख्याध्यापक भोईर गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. राहायला मुरबाडला, रोज एसटीने जाऊन-येऊन. शाळेत नुकतीच खिचडी शिजायला लागली होती आणि ती शिजवायला गावातल्या हिरामावशी होत्या. शाळा खाली खोलगटात, डांबरी रस्ता वर. वर्गाच्या खिडकीतून बघितलं की वर एसटीचा थांबा, आंब्याचं झाड आणि उभ्या माणसांचे पाय दिसायचे.

माझा धाक होता बरं का. गायकवाड बाई येतायत म्हटलं की पोरं तर सोडाच, पोरांचे बाप शर्टाची बटणं लावायचे.

आणि मला टापटीप लागते. रुजू झाले त्या वर्षी पहिलं काम काय केलं, तर मुरबाडहून हातभर लांबीचा आरसा आणून शाळेच्या पडवीत लावला. स्वतःच्या पैशाने! शेजारी सुतळीला बांधलेला कंगवा. पोरगं शेंबूड घेऊन आलं की आधी आरशापुढे उभं करायचं, मग वर्गात घ्यायचं. पाच-सहा वर्षं टिकला. मग कुणाचा तरी चेंडू लागून कोपरा उडाला. फुटका आरसा वाईट असतो वगैरे मी मानत नाही, पण पोरांच्या बोटांना काच लागायची म्हणून हिरामावशींना म्हटलं, "काढा तो आणि द्या टाकून कुठेतरी." विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

तर त्या वर्षी होळी झाली आणि सकाळची शाळा सुरू झाली. एके दिवशी सव्वाआठच्या सुमाराला मी फळ्यावर भागाकार मांडत होते, आणि माझ्या हाताच्या जरा वर एक कवडसा येऊन बसला. चांगला परातीएवढा. मी डावीकडे सरकले, तो थरथरला. उजवीकडे सरकले, तो माझ्या खांद्यावर. वर्गाकडे वळले तर थेट डोळ्यांत! आणि अख्खा वर्ग तोंडावर हात ठेवून खी खी करतोय.

"कोणाकडे आहे आरसा? काढा दप्तरं!"

दप्तरं निघाली. चिंचा निघाल्या, गोट्या निघाल्या, एक जिवंत खेकडा निघाला. आरसा काही निघाला नाही.

मग मी खिडकीतून वर बघितलं. आंब्याखाली एक नवी कोरी पत्र्याची टपरी उभी, सकाळी मी उतरले तेव्हा बंद होती. वर पाटी, 'सलून'. बाहेरच्या खांबाला आरसा, आणि त्या आरशाला हात लावून उभा असलेला एक तरणाबांड पोरगा. रंगीत शर्ट, केसांचा कोंबडा काढलेला. आणि बघतोय कुठे? शाळेकडे!

खिचडीच्या वेळी हिरामावशींना विचारलं. त्या कौतुकाने म्हणाल्या, "तो जना ओ, माझ्या बहिनीचा पोर. कल्याणला आठ वरसं दुसऱ्याच्या सलूनात व्हता. आता सोताचं टाकलंय."

स्वतःचं टाकलंय! टाकू दे की. पण माझ्या अंगावर आरसा चमकवायला टाकलंय का?

आता तुम्ही विचाराल, त्यात एवढं रागवण्यासारखं काय? अहो, तुम्हाला आमच्याकडचा आरसा माहीत नाही. बाप्ये अंगणात खुंटीला आरसा अडकवून दाढी करतात. बायका फणेरपेटीतल्या आरशात बघून टिकली लावतात. जीपवाला त्याच्या आरशात मागची गाडी सोडून मागच्या सीटवरच्या बायका बघतो. पण तरणी पोरं म्हसा गावच्या जत्रेतून खिशात मावेल असा गोल आरसा घेऊन येतात, तो काय भांग पाडायला? उन्हात धरायचा आणि पलीकडच्या पोरीच्या अंगावर कवडसा पाडायचा. तिने तोंड फिरवलं तर नाही, हसली तर हो. चिठ्ठी नको, मध्यस्थ नको.

मी शहापूरला शाळेत होते तेव्हा वर्गातल्या निम्म्या पोरींच्या वह्यांवर असे कवडसे पडायचे. माझ्या वहीवर कधी पडला नाही, तो भाग वेगळा. तेव्हाही माझा धाक होता.

आणि आता, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलांच्या आईवर, भर वर्गात, भागाकार चालू असताना! माझ्या हातातला खडू मोडला.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. त्यातही एक खोड होती. कवडसा यायचा, विझायचा, यायचा, विझायचा. ही खूण नाही तर काय? (गिऱ्हाइकाची मुंडी मध्ये येत होती, हे मला नंतर कळलं. पण आधी कोणी सांगायला नको?) तिसऱ्या दिवशी मी अबोली रंगाची साडी नेसले होते. तसं काही नाही हो! बाकीच्या धुवायला टाकल्या होत्या.

त्या रात्री आमच्या ह्यांना सांगितलं. हे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते, सुपरवायझर. जेवत होते.

"अहो, गावातला एक पोरगा माझ्यावर आरसा चमकवतो."

ह्यांचा घास हातातच राहिला. "कोणावर?"

"माझ्यावर."

"तुझ्यावर?"

"हो, माझ्यावर!"

"नीट बघितलंस ना? मागे दुसरं कोणी उभं नव्हतं?"

सांगा आता! बायकोची छेड काढतायत म्हटल्यावर दुसरीच्या नवऱ्याने पायात चपला घातल्या असत्या. मी ओरडले, "मागे फळा होता!"

"मग फळ्यावर चमकवत असेल," हे म्हणाले आणि आमटी मागितली.

मी आमटी वाढली नाही.

तिथेच माझं डोकं फिरलं. तोपर्यंत मी एखाद वेळेस सोडूनही दिलं असतं. पण त्या 'तुझ्यावर?' मधला तो सूर! जसं काही माझ्यावर आरसा चमकवणं शक्यच नाही. आता मला सिद्धच करायचं होतं.

सकाळी भोईर गुरुजींना गाठलं. गुरुजी सज्जन माणूस. एवढे सज्जन की त्यांचा राग यावा.

"बाई, सूर्य आहे हो तो," गुरुजी म्हणाले. "सकाळी सूर्य समोरून येतो, वर आरसा आहे, खाली आपली शाळा आहे. पडतो उजेड."

"मग तुमच्या वर्गात का नाही पडत?"

"माझ्या वर्गाला तिकडून खिडकी नाही."

"म्हणजे तुम्ही त्याच्या बाजूने!"

"मी कोणाच्याच बाजूने नाही. तुम्ही खिडकी लावून घ्या ना."

"मी का लावू? चोर सोडून संन्याशाला फाशी?"

गुरुजी गप्प झाले. मी जिंकले असं मला वाटलं. माझं हे नेहमीचंच आहे, समोरचा कंटाळून गप्प झाला की मला वाटतं जिंकले.

त्याच आठवड्यात चौथीला निबंध होता, 'मी आरसा बोलतोय'. मी काही मुद्दाम दिला नव्हता, पुस्तकातला होता. वह्या घरी नेऊन तपासायला बसले तर एका पोराने लिहिलेलं, 'मी आरसा आहे. मी सलूनात राहतो. मी रोज सव्वाआठला बाईंना भेटायला जातो. मला बघून बाई लाल होतात.' दुसरी वही उघडली. एका पोरीची, हुशार पोरगी, पहिला नंबर. 'मला बाई आवडतात म्हणून बाई आता चांगल्या साड्या नेसतात.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती! मार्क कापायचे तर कशाचे कापू?

म्हणजे पोरांना कळलं होतं, म्हणजे घरोघरी कळलं होतं, म्हणजे थांब्यावर उभे राहणारे ते पाय माझ्याकडे बघून हसत होते. मी रात्री बसून अर्ज लिहिला. 'प्रति, मा. पोलीस पाटील.' सुवाच्य अक्षरात दोन पानं. 'सदर इसम दररोज सकाळी ठरावीक वेळी परावर्तित प्रकाशाच्या साहाय्याने शासकीय कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यावर जाणीवपूर्वक कवडसा पाडून अध्यापनात व्यत्यय आणत आहे.' हे वाक्य मला इतकं आवडलं की ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "चेहऱ्यावर हे कापून फळ्यावर कर." मी दिवा बंद केला.

पोलीस पाटील म्हणजे देसले पाटील. वय झालेलं, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. अर्ज हातात घेऊन त्यांनी मान खाजवली.

"बाई, टपरी गावठानातल्या जागेवर हाय. तुमी बाईमानूस, त्यात शाळंतल्या. तुमी लिवून दिलंत तर मला सरपंचास्नी सांगून ती उठवायला लागंल. मंग तो पोर पुन्ना कल्याणला. करू?"

"करा!"

"येकदा बघून तर घेऊ. उद्या सकाळी येतो मी."

ही बातमी माझ्याआधी शाळेत पोचली. दुसऱ्या दिवशी मी एसटीतून उतरून पडवीत पाऊल टाकते तोच हिरामावशी पुढे. डोळे सुजलेले.

"बाई, नका ओ असं करू. आठ वरसं दुसऱ्याच्या खुर्चीमागं उबा ऱ्हायला तो. बायकोची बोरमाळ मोडून खुर्ची आनलीय. पंधरा दिस नाय झालं."

माझं मन जरा हललं, खोटं कशाला सांगू. पण लगेच 'तुझ्यावर?' आठवलं.

"मावशी, भाच्याला आधी वळण लावायचं होतं."

"वळनाचा पोर हाय ओ तो. बाई, त्या आरशाचं येक सांगायचं व्हतं तुमाला..."

"मला आरशाचं काही ऐकायचं नाही!"

"नाय, पन तो आरसा ना..."

"मावशी, चूल पेटवा!"

बघा, देवमाणूस सांगायला आली होती. मीच तिला चुलीकडे धाडलं. पण चूल काही तिने पेटवली नाही, माझ्या मागोमाग पदर सावरत वर रस्त्यावर आली.

वर जत्राच होती. देसले पाटील, भोईर गुरुजी, थांब्यावरची सगळी माणसं. एसटी येऊन उभी राहिली होती, पण ड्रायव्हर-कंडक्टर खाली उतरून आमच्यात. खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या तोंडाला फेस लावलेलं, आणि त्याच्यामागे जना, हातात वस्तरा, चेहरा फेसाहून पांढरा.

"काय रे जना," पाटील म्हणाले, "बाईंवर आरसा चमकावतो?"

"आईशप्पत नाय, पाटीलबाबा! गिऱ्हाईक उंच आसंल तर वर करतो, बुटका आसंल तर खाली करतो. बाईंकडं कशाला बघू? त्या माझ्या मावशीच्या वयाच्या."

मावशीच्या वयाच्या! हिरामावशी साठीच्या पुढच्या! मी म्हटलं, "पाटील, हे वाक्य अर्जात घ्या!"

"थांबा बाई. जना, वस्तरा ठेव. लांब हो. आनखी लांब. आता कुनी हात लावू नका."

सगळे बाजूला झाले. गिऱ्हाईकसुद्धा फेसासकट उठून उभं राहिलं. सव्वाआठ झाले होते. आणि आम्ही सगळ्यांनी खाली शाळेकडे बघितलं.

खिडकीतून माझा फळा दिसत होता. फळ्यावर कवडसा होता. ऐटीत बसला होता, चांगला परातीएवढा. मी वर्गात नव्हते. मी वर रस्त्यावर उभी होते. त्याला माझं काही पडलेलं नव्हतं.

"सूर्य," भोईर गुरुजी हळूच म्हणाले.

शहाण्या बाईने इथे काय केलं असतं? 'चुकले' म्हणून खाली गेली असती, भागाकार शिकवला असता. एक शब्द, मिटला असता सगळा विषय. पण चाळीस-पन्नास माणसं बघत होती, कंडक्टर दात काढत होता, आणि माझ्या पर्समध्ये दोन पानांचा सुवाच्य अर्ज होता.

"ठीक आहे," मी म्हटलं. "जनाचा दोष नसेल. मग दोष आरशाचा! शाळेच्या तोंडावर लावायला हा आरसा दिला कोणी? असा एवढा आरसा रस्त्यावर लावायला देणाऱ्याला काही अक्कल असेल की नाही? पाटील, ज्याचा हा आरसा आहे त्याचं नाव अर्जात घाला!"

मागून माझा पदर कोणीतरी ओढला. हिरामावशी.

"बाई, नका ओ... बाय गो, कशी समजावू हिला..."

"मावशी, मध्ये पडू नका! नाव पाहिजे मला. पूर्ण नाव!"

जनाने मावशीकडे बघितलं. मावशीने कपाळाला हात लावला. पाटील पुढे झाले. आरसा खाली एका पत्र्याच्या पट्टीत बसवलेला होता, आणि पट्टीपुढे कंगवे, पावडरचा डबा, फिटकरी असं सगळं मांडलेलं. पाटलांनी ते बाजूला केलं, आरसा पट्टीतून वर उचलला आणि उपरण्याने त्याचा खालचा भाग पुसला.

"हितं कायतरी लिवलंय," पाटील म्हणाले. चष्मा नाकावर चढवला आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायला लागले. "आधी... आरशात... तोंड... पाहा..."

मी भडकलेच. "पाटील, तोंड सांभाळून बोला! मी शासकीय कर्मचारी आहे!"

"मी नाय बोलत, बाई. आरशावर हाय. मंग... वर्गात... या..."

लाल ऑइलपेंट. ती अक्षरं मला लांबूनही ओळखू आली. मुरबाडच्या पेंटरकडून मीच लिहून घेतली होती, आणि 'तोंड'वरचा अनुस्वार राहिला म्हणून त्याला परतही पाठवलं होतं. वरचा कोपरा उडालेला. हातभर लांबी.

"...सप्रेम भेट," पाटील वाचत होते. घाई म्हणून नाही त्या माणसाला. "सौ. सुमन... विठ्ठल... गायकवाड. सहशिक्षिका."

पहिल्यांदा हसलं ते फेसवालं गिऱ्हाईक. हसताना फेस उडून कंडक्टरच्या शर्टावर पडला. मग कंडक्टर, मग ड्रायव्हर, मग सगळा थांबा. एसटीत बसलेले लोक खिडक्यांतून "काय झालं? काय झालं?" विचारत होते आणि त्यांना तपशिलासकट सगळं सांगितलं जात होतं. ती एसटी पुढे माळशेज घाटाने जाते. म्हणजे जुन्नरपर्यंत गेली माझी कीर्ती!

"तुमीच बोललावता ना टाकून द्या म्हनून," हिरामावशी रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "चांगला आरसा ओ, नुसता कोपरा गेलेला. टाकवला नाय माझ्याच्यानं. भाच्याला दिला. तेच सांगत व्हते सकाळधरनं."

पाटलांनी खिशातून पेन काढलं. अगदी गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, "मंग बाई, अर्जात नाव कोनाचं घालू?"

मी अर्ज पर्समधून काढला आणि तिथेच फाडला. दोन्ही पानं. ते वाक्य फाडताना जिवावर आलं, पण फाडलं. जनाला म्हटलं, "टपरी राहू दे तुझी. चुकलं माझं." तेवढं म्हणायला मला त्या दिवसाची सगळी ताकद लागली. जना वाकून पायाच पडायला लागला, तेव्हा मला जास्त लाज वाटली. वर म्हणतो कसा, "बाई, आरसा तुमचा, पायजे तर घिऊन जा." नको म्हटलं. तसा त्याने तो लगेच खांबाच्या दुसऱ्या बाजूला लावला, शाळेकडे पाठ करून.

घरी ह्यांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण मुरबाड केवढंसं! माझ्याआधी बातमी घरी. हे दारातच उभे.

"म्हणजे," हे म्हणाले, "तुझ्यावर आरसा चमकवणारी तूच!"

चार दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलावं लागलं, गॅस संपला होता.

बरं, आता एवढं सांगितलंच आहे तर शेवटचंही सांगते. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला मी फळ्यावर भागाकार मांडत होते. फळा नुसता काळा. मी खिडकीकडे बघितलं असेल एखाद वेळेस, लक्ष गेलं असेल. तेवढ्यात ती निबंधवाली पोरगी म्हणाली, "बाई, तो आज आला नाय."

"कोण तो? भागाकार कर!" मी असं ओरडले की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात आले.

आणि हो, त्या दिवशी मी अबोली साडीच नेसले होते. बाकीच्या सगळ्या धुतलेल्या, इस्त्री करून कपाटात होत्या.